शेळीची कास दगडासारखी लागली तर

पावसाळ्यात मुंबईत गोठ्याची जमीन वाळतच नाही, आणि ओल्यात बसणाऱ्या दुभत्या शेळीला कासदाह, म्हणजे आपली ‘दगडी’, लवकर गाठते. रोज धार काढताना पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या, पाणचट पिवळेपणा किंवा रक्ताची झाक तिथे लगेच दिसते, भांड्यातल्या दुधात ती हरवते. मग दोन्ही बाजू हाताने चाचपा. एकच बाजू गरम, कडक आणि दुखरी असेल तर शंका नकोच. गुदद्वारात थर्मामीटर लावा. साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइट ठीक, १०४ च्या वर ताप समजा.

गाईच्या दुधासाठीची कासदाह चाचणी शेळीला जपून वापरा. ती दुधातल्या पेशींवरून आजार ओळखते, आणि शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे निरोगी शेळीही आजारी ठरते.

उपचारात पहिलं काम कास रिकामी करणं: दिवसातून चार-पाच वेळा, आजारी बाजू शेवटी, नंतर हात साबणाने धुऊन. ते दूध पिलांनाही पाजू नका. प्रतिजैविक पशुवैद्यानेच ठरवावं. कास बरी दिसली म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही (हा मोह सगळ्यांनाच होतो), आणि सांगितलेले दिवस संपेपर्यंत दूध विकायचं नाही.

कास गार पडून निळी-काळी होऊ लागली तर घरगुती लेप विसरा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या डॉक्टरकडे त्याच तासाला न्या.