सोलापुरातील विडी कामगारांच्या कष्टांची छायाचित्र-नोंद कशी करावी

सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी विडी वळणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे काढायची असतील, तर आधी चेहऱ्यांचा मोह सोडावा आणि कामाचा क्रम धरावा. कारखान्याच्या शाखेतून तेंदूचे पान आणि तंबाखू आणणे, पान भिजवून मापाने कातरणे, विडी वळून दोरा बांधणे, कट्टे (जुड्या) करणे आणि शेवटी ते शाखेत जमा करणे, हे सगळे टप्पे यायला हवेत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि तपासणीत माल नापास झाला की ती घटते. म्हणून ओढगस्तीची सर्वांत बोलकी नोंद जमा करण्याच्या रांगेत सापडते. तिथे कॅमेऱ्याला मनाई झाल्यास परतणाऱ्या बाईचे हिशेबाचे पुस्तक, तिला विचारून आणि नाव झाकून, टिपावे.

संमती काम करणाऱ्या बाईकडूनच घ्यावी, घरच्या पुरुषाकडून नव्हे. इथल्या अनेक पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरांत तेलुगू बोलतात. आपल्याला ती भाषा येत नसेल तर वस्तीतली एखादी जाणती बाई सोबत घेऊन, छायाचित्र कुठे दिसणार आहे हे तेलुगूतच सांगावे. ‘अक्का, फोटो काढू का?’ एवढ्यावर मान हलली की संमती मिळाली असे मानणे आपल्याच सोयीचे असते.

काम बहुधा दाराच्या उजेडात चालते. उजेड न अडवता दाराच्या बाजूला जमिनीवर बसावे, फ्लॅश टाळावा. २८ किंवा ३५ मिमीची लेन्स पुरते, बोटे स्थिर हवी असल्यास शटर १/२५० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा.

नोंद त्याच दिवशी लिहावी. अमेरिकेतील बालमजुरांची छायाचित्रे काढणारे लुईस हाईन मुलांची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडून टिपून ठेवत. याउलट छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेल्या स्थलांतरित आईचे नाव लिहून घेतले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव १९७८ मध्ये उघड झाले आणि गाडीचे टायर विकून अन्न घेतल्याची प्रचलित हकीकत तिच्या कुटुंबाने नाकारली. म्हणून नाव छापायचे नसले तरी, बाईची हरकत नसल्यास, वहीत असावे, आणि छायाचित्राखालच्या ओळीत स्वतः पाहिलेले व ऐकलेले वेगळे ठेवावे.

मूळ फाइल न बदलता दोन ठिकाणी जपावी. छापील प्रत ओळींसह त्या घरी वाचून दाखवावी आणि तिथे सुचवलेली दुरुस्ती तारखेसह नोंदवावी.