डेटाबेससाठी सर्व्हरची डिस्क कशी मोजायची

नवीन सर्व्हर हातात आला की बरेच जण डीडीने (लिनक्सची डेटा कॉपी करायची साधी कमांड) एक जीबीची फाइल लिहून बघतात, भला मोठा आकडा येतो आणि सगळे खूश. पण तो स्पीड रॅमचा असतो हो! लिनक्स डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेत ठेवतं, डिस्कवर नंतर उतरवतं. आणि झेडएफएस या फाइलसिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल नि डीडीला नुसती शून्यं दिली असतील तर डिस्कपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

त्यापेक्षा एफआयओ टाका, जेन्स ॲक्सबो यांचं डिस्क मोजायचं टूल, उबंटूवर ॲप्टने लगेच येतं.

आधी आपला लोड बघा. पोस्टग्रेस डेटाबेसचं पेज (एका वेळी वाचायचा-लिहायचा तुकडा) 8 केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनचं 16 केबीचं, तर ब्लॉक साइझ तीच द्या, पॅटर्न रँडम रीड-राइट, 70 टक्के रीड धरून सुरुवात करा. डायरेक्ट=1 टाका म्हणजे पेज कॅश मधे येत नाही, आणि एफआयओचं इंजिन लिबएआयओ ठेवा, ते एका वेळी अनेक रिक्वेस्ट पाठवतं; साध्या सिंक इंजिनला क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत ठेवायच्या रिक्वेस्ट) 32 दिली तरी एका जॉबमधून एका वेळी एकच रिक्वेस्ट जाते. फाइल निदान 50 जीबीची आणि टेस्ट अर्धा तास तरी चालू द्या, कारण स्वस्त एसएसडीचा एसएलसी कॅश (आतला छोटा, वेगवान भाग) भरला की स्पीड धाडकन पडतो, तो पडल्यावरचा आकडा आपला.

एक गोष्ट मात्र दहादा तपासा: फाइलनेममध्ये माउंट केलेल्या फोल्डरातल्या फाइलचाच पाथ हवा. तिथे थेट डिस्कचं डिव्हाइस दिलंत आणि राइट टेस्ट मारली तर डेटा गेला.

आता खरी टेस्ट. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला वॉल फाइल (बदलांची आधी करायची नोंद) लिहून एफडेटासिंक करतं, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरवायला सांगतं, आणि डिस्क "झालं" म्हणेपर्यंत थांबतं, म्हणून सिक्वेन्शियल राइट, 8 केबी, एफडेटासिंक=1, एकच जॉब, आणि इथे डायरेक्ट काढून टाका. आउटपुटमध्ये सिंकची 99 पर्सेंटाइल लेटन्सी (100 पैकी 99 सिंक जेवढ्या वेळात उरकतात तो वेळ) बघा, सरासरी नको. 7200 आरपीएमची डिस्क एक फेरी 8.3 मिलिसेकंदात मारते, म्हणजे सेकंदाला साधारण 120 सिंक. तशा साध्या डिस्कवर हजारो दिसले तर मधला कुठलातरी राइट कॅश डेटा खाली न उतरवताच हो म्हणतोय, लाइट गेली की कमिट झालेला डेटा गायब. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या एसएसडीत कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी कॅशमधला डेटा उतरवण्यापुरती वीज ते देतात, तिथे मात्र फास्ट सिंकवर भरवसा ठेवता येतो.

एक्सटी4 की एक्सएफएस हे बघायचं असेल तर डिस्क तीच, जॉब फाइल तीच, फक्त फाइलसिस्टिम बदला आणि प्रत्येकी तीनदा चालवा.