हेडफोन लावण्याआधी कान तपासा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी गोव्यातल्या फोंडा, माशेल भागातल्या मराठी घरांत जाऊन डायकॉटिक लिसनिंगची चाचणी घेतली. दोन कानांत एकाच क्षणी दोन वेगळी अक्षरं सोडायची, उजव्यात ‘प’ तर डाव्यात ‘क’, आणि स्पष्ट ऐकू आलेलं एकच सांगायला लावायचं. बहुतेक जण उजव्या कानातलं सांगतात. मानसशास्त्रज्ञ डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये याचा संबंध मेंदूच्या भाषा सांभाळणाऱ्या डाव्या गोलार्धाशी जोडला. कानाची विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडे जाणारी वाट जास्त दणकट असते. दोन्हीकडून एकदम आवाज आला की कानाच्या स्वतःच्या बाजूच्या गोलार्धाकडे जाणारी वाट दबते. डाव्या कानातलं अक्षर मग आधी उजव्या गोलार्धात पोचतं आणि तिथून पलीकडे जातं.

हिशेब सोपा आहे. तीस जोड्यांत उजवे १५, डावे १० बरोबर आले, तर फरक ५ भागिले बेरीज २५, म्हणजे २० टक्के उजवीकडे झुकाव.

माझं खरं अडलं ते ध्वनिफितीपाशी. इंग्रजी ‘टा’, ‘डा’ ऐकून आपली माणसं ‘ट’ म्हणावं की ‘त’, यावरच थबकत. म्हणून प, त, क, ब, द, ग मराठी आवाजात नव्याने रेकॉर्ड केले आणि प्रत्येक जोडीची सुरुवात संगणकावर तंतोतंत जुळवली. जरा मागेपुढे झालं तरी निकाल बिघडतो. अर्ध्यावर हेडफोन उलटे घालायला लावा, म्हणजे यंत्राचा दोष दोन्ही कानांत वाटला जातो. डावखुरेपणा विचाराच, आणि पावसाळ्यात सर्दीही. कौलांवर पाऊस वाजत असेल तर सरळ दुसरा दिवस ठरवा.

माशेलच्या एका आजींचा डावा कान बराच पुढे निघाला. “बाळा, माझा मेंदू उलटा आहे का गो?” त्यांनी काळजीने विचारलं. मला उत्तर देता येईना, कारण आधी त्यांची श्रवणक्षमता मी मोजलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑडिओमीटर घेऊन गेले. उजवा कान डाव्यापेक्षा २० डेसिबलनी मंद होता. त्यांचे आकडे मी वगळले, आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जायला त्यांच्या सुनेला सांगितलं.