सायकलीवरून पंढरपूर, ड्युटी न बदलता

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी सायकलींचा उपक्रम करून निधी जमवायचा असेल, तर आधी रस्ता ठरवू नका. आधी ड्युटीचा तक्ता मागून घ्या. मी मध्य मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं सिस्टर आहे. पहिल्या वर्षी आम्ही हे उलटं केलं. रविवारची पहाट, बॅनर, टी-शर्ट, मरीन ड्राइव्ह. सायकली आल्या त्या बाहेरच्या क्लबच्या आणि चार-पाच निवासी डॉक्टरांच्या. ज्यांच्यासाठी पैसे मागत होतो त्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार त्या वेळी रात्रपाळीचं हँडओव्हर देत होते, नाहीतर घरी जाताना लोकलमध्ये डुलक्या घेत होते. जमलेल्या पैशांतून एक सत्कार झाला. तो मला अजून बोचतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही रस्ताच रुग्णालयात आणला. एका जागी उभ्या राहणाऱ्या, व्यायामशाळेत असतात तशा दोन सायकली मागून आणल्या आणि चेंजिंग रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवल्या. मुंबई ते पंढरपूर सुमारे ३६० किलोमीटर. तेवढं अंतर सगळ्यांनी मिळून या सायकलींवर कापायचं. दहा मिनिटांत साध्या गतीने दोन किलोमीटर होतात, म्हणजे १८० पाळ्या. दोन आठवड्यांत वाटल्या तर दिवसाला तेरा. एवढं कुठल्याही वॉर्डाला झेपतं. सायकलीवर बसण्याची वेळ ड्युटी सुरू होण्याआधीची किंवा सुटल्यानंतरची ठेवा, मधली नको. मधली ठेवलीत तर जेवणाची सुट्टी तिथे जाईल. भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा : पनवेल, लोणावळा, पुणे, इंदापूर, टेंभुर्णी. रोज रात्री एकाने लाल पेनाने रेघ पुढे ओढायची. आमच्याकडे ती रेघ बघायला किचनमधले मामाही जिना चढून येत.

आषाढी धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने वॉर्ड भरून वाहतात, जमिनीवर गाद्या पडतात. तेव्हा कुणाला सायकलीचं सांगणं म्हणजे छळ. कार्तिकी एकादशीला पोहोचायचं ठरवा. हवाही बरी असते.

सायकली निवडताना साडीचा विचार करा. आडवा दांडा नसलेली, चेन पूर्ण झाकलेली सायकलच घ्या, नाहीतर अर्ध्या मावशी लांबूनच हसून निघून जातील. सीटची उंची अशी लावा की पेडल तळाला असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. मग पाऊल पेडलवर ठेवून चालवताना गुडघ्यात जरासा वाक राहतो. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात, आणि आमचे गुडघे आधीच दिवसभर उभं राहून बोलायला लागलेले असतात. ब्लड प्रेशर, गर्भारपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे विचारल्याशिवाय कुणाला बसवू नका. न बसणाऱ्याला पट्टीवर रेघ ओढायचं काम द्या. कुणालाही भरीला पाडायचं नाही, वॉर्डावॉर्डांत शर्यत लावायची नाही. शर्यत लागली की इन्चार्ज सिस्टर हाताखालच्या मुलींना दटावायला लागतात. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

ज्यांना खरंच रस्त्यावर उतरायचंय त्यांच्यासाठी एक रविवार ठेवा. मरीन ड्राइव्ह साधारण ३.६ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन सात फेऱ्या केल्या की पन्नास किलोमीटर होतात. वांद्रे-वरळी सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलींना बंदी आहे, तेव्हा उत्साहाच्या भरात तो बेत आखू नका. जानेवारीतला तिसरा रविवार मॅरेथॉनचा असतो, तोही टाळा. स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज बऱ्याच आधी द्या. हेल्मेट, मागे लाल दिवा, आणि मुंबईच्या दमट हवेसाठी एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट. रात्रपाळी करून आलेल्याला सायकलीवर चढू देऊ नका, त्याने कितीही आग्रह धरला तरी. झोपेने जड झालेले डोळे आणि बेस्टची बस हे एका रस्त्यावर नको.

पैशांचा भाग मात्र नीट वाचा, कारण चांगल्या कामाचं नाव तिथेच खराब होतं. वर्गणी स्वतःच्या मोबाइलच्या क्यूआरवर घेऊ नका. नोंदणीकृत विश्वस्त संस्था सोबत घ्या आणि पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. संस्था नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते, गणपतीची मंडळं घेतात तशी. संस्थेकडे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (जिला ८०-जी म्हणतात) असेल तर पावती द्या, आणि देणाऱ्याला आधीच सांगा की रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्यावर करसवलत मिळत नाही. आम्ही दर किलोमीटरमागे रक्कम ठरवून घेतली. शेजारच्या चाळीतल्या काकांनी किलोमीटरला दहा रुपये कबूल केले आणि पट्टी बघायला तीनदा आले. ३,६०० झाले तेव्हा वरून शंभर घातले.

निधीचं काय करायचं हे कमिटीने ठरवू नये. आम्ही पेटी ठेवली आणि चिठ्ठ्या मागवल्या. मला वाटलं होतं, योगवर्ग, व्याख्यानं असं काही निघेल. निघालं काय? पाठ टेकायला जागा. बाथरूमच्या दाराला आतून कडी. पंखा. रात्री तीनला गरम चहा. ज्यांना लिहिता येत नाही त्या मावशींजवळ जाऊन बसा आणि विचारा. कंत्राटी सफाई कामगार आणि सिक्युरिटीवाल्यांनाही विचारा, त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. फक्त हातमोजे, मास्क, औषधं यांवर यातला एक रुपयाही घालू नका. ते रुग्णालयाने द्यायचं असतं. एकदा देणगीतून आलं की कायमचं देणगीवर ढकललं जातं.

समुपदेशनासाठी पैसे ठेवणार असाल तर समुपदेशक बाहेरचे घ्या. आपल्याच मानसोपचार ओपीडीच्या बाकावर बसायला कुणी धजत नाही, समोरून ओळखीची सिस्टर फाइल घेऊन येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. तो नोटीस बोर्डावर लावू नका, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिथे माणूस एकटा असतो.

शेवटचे दोन किलोमीटर आम्ही त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या लेबर रूमच्या मावशींना दिले. त्यांनी चपला काढून ठेवल्या, हँडलला हात लावून नमस्कार केला आणि दहाऐवजी चौदा मिनिटं घेतली. कुणी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्याच जागी जमाखर्चाचा कागद लावला, बिलांच्या झेरॉक्ससकट : दोन आरामखुर्च्या, एक पंखा, चहाचा थर्मास, आणि सहा कड्या, सुताराच्या मजुरीसह.