अडगाव, सीताबर्डी टेबलावर लढवताय? नियमांतल्या या चुका टाळा

विदर्भात टेबलावर फिगर, म्हणजे शिपायांच्या छोट्या मूर्ती, मांडून लढाया खेळायच्या तर मैदानं शोधायला लांब जावं लागत नाही. अकोला जिल्ह्यातलं अडगाव (29 नोव्हेंबर 1803), चिखलदऱ्याजवळचा गाविलगड (15 डिसेंबर 1803), नागपूरची सीताबर्डी (26-27 नोव्हेंबर 1817) ही सगळी घराजवळचीच. घोळ होतो तो नियमांत. वसाहतकाळाच्या नावानं फिरणारे बरेचसे नियम 1879 च्या झुलू युद्धासारख्या लढाया डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. एका बाजूला मागून काडतूस भरायची मार्टिनी-हेन्री, दुसऱ्या बाजूला भाले. हेच नियम अडगावाला लावले की भोसल्यांची फौज आरडाओरडा करत धावत येणारा जमाव होऊन बसते. अडगावात इंग्रजांच्या हाती लागलेल्या तोफाच 38 होत्या. त्या फौजेला भालेवाल्यांचे नियम लावणं चूकच.

बंदुकीचा टप्पा आणि पलटणीची रुंदी जुळत नाही

सगळ्यात जास्त डाव इथेच बिघडतात. 1 इंच म्हणजे 25 यार्ड असं माप धरा. गुळगुळीत नळीच्या चकमकी बंदुकीचा मारा 100 यार्डांपर्यंतच कामाचा, म्हणजे टेबलावर 4 इंच. ओढूनताणून 8 इंच द्या, त्यापुढे नाही. झुलू युद्धाच्या नियमांतले 24 इंच जसेच्या तसे उचलले, तर शिपाई 600 यार्डांवरून माणसं टिपायला लागतात.

आता रुंदी. 600 जणांची पलटण दोन रांगांत उभी केली की एका रांगेत 300 माणसं. माणशी साधारण 21 इंच जागा धरली तर 175 यार्ड होतात, म्हणजे टेबलावर 7 इंच. 28 मिलिमीटरच्या फिगरला 20 मिलिमीटर रुंदीचा तळ असतो. 7 इंचांत एका रांगेला 9 बसतात, दोन रांगांना 18. एक फिगर म्हणजे 33 माणसं, हा हिशेब इथून निघतो. बरेच जण उलटं करतात. एक फिगर म्हणजे 20 माणसं असं आधीच ठरवून 30 फिगर रंगवतात. मग पलटण 12 इंच पसरते, शेजारच्या पलटणीला जागा उरत नाही आणि 4 इंचांचा मारा 12 इंचांच्या रांगेपुढे केविलवाणा दिसतो. लोकांना वाटतं मारा कमी पडला, म्हणून ते टप्पा वाढवतात. चूक रुंदीत असते, दुरुस्ती टप्प्यात होते. आधी रुंदी मोजा, फिगरची संख्या त्यावरून काढा.

अख्खं अडगाव मांडायचं असेल तर हे माप चालणार नाही. मराठी फौजेची रांग पाच मैलांहून लांब होती. 25 यार्डांच्या मापानं टेबल 29 फुटांचं लागेल. 1 इंच म्हणजे 100 यार्ड धरलं तर साडेसात फुटांत भागतं, पण मग पलटण पावणेदोन इंचांचा एकच तळ होते आणि बंदुकीचा टप्पा 1 इंच. त्या मापात गोळीबाराची वेगळी पायरी ठेवूच नका. दोन तळ भिडले की बार आणि संगीन एकाच फाशात मोजा. 6 बाय 4 फुटांचंच टेबल असेल तर रांगेचा एक तुकडा निवडा. तोच डाव जास्त रंगतो.

माणसं फार पटापट मरतात

प्रत्येक फिगरला एक फासा, 5-6 आला की एक गारद, ही पद्धत सोपी आहे म्हणून सगळीकडे वापरतात. 18 फिगरच्या पलटणीनं एक बार काढला की सरासरी 6 फिगर जातात. तीन खेपांत, म्हणजे तीन पाळ्यांत, पलटण संपली. खऱ्या अडगावात इंग्रजांकडच्या दहा-अकरा हजारांपैकी मेले आणि जखमी झाले ते मिळून साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन. लढाई माणसं संपल्यानं संपली नाही, फौज फुटली म्हणून संपली.

दुरुस्ती अशी: तीन फिगरमागे एक फासा टाका. 18 ला 6 फासे, सरासरी 2 मार. पहिला मार बसला की फिगर उचलू नका, पलटणीमागे एक खडा ठेवा. धीर तपासताना दोन फासे टाका, खड्यामागे एक वजा करा, 6 किंवा जास्त आलं तर पलटण टिकली. नापास झाली तरच एक फिगर उचला आणि पलटण 6 इंच मागे घ्या. सेनापती 4 इंचांच्या आत असेल आणि त्या खेपेत दुसरं काही करणार नसेल तर एक खडा निघतो.

धीराची तपासणी फक्त ‘देशी’ बाजूला लावायची, हा यातला सगळ्यात खोडसाळ नियम. झुलू युद्धाच्या छापाच्या नियमांत इंग्रज पलटण शेवटच्या माणसापर्यंत लढते. अडगावात उलट घडलं होतं. मराठी तोफा सुरू होताच इंग्रजांच्या तीन देशी पलटणी मोडल्या आणि मागे पळाल्या. त्यांना पुन्हा उभं करायला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याला स्वतः जावं लागलं. तुमच्या डावात हे घडूच शकत नसेल तर तो अडगावचा डाव नाही. तोफेचा पहिला गोळा पलटणीत पडला की तपासणी, दोन्ही बाजूंना सारखी.

गोलंदाज पळून जातात

घोडा तोफेला भिडला की गोलंदाज उचलायचे, असं पुष्कळ नियमांत असतं. असईच्या लढाईत (23 सप्टेंबर 1803) सिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. म्हणून ताब्यात घेतलेल्या तोफेपाशी हल्लेखोरानं दोन फिगर ठेवल्याच पाहिजेत. नाही ठेवल्या तर दर खेपेला एक फासा टाका, 5-6 आला की तोफ पुन्हा जिवंत. हा एवढासा नियम घातला की इंग्रज खेळाडू बेफाम पुढे पळायचं आपोआप थांबवतो.

सगळे स्वार सारखेच

बारगिराचं घोडं सरकारी, शिलेदाराचं स्वतःचं. घोडं मेलं की शिलेदाराची रोजीरोटी गेली. तो संगिनींच्या रांगेवर सरळ का पडेल? नियमांत दोन वेगळे प्रकार करा. शिलेदार तुकडीनं सावध पायदळावर चालून जायचं तर आधी धीर तपासावा, नापास झाली तर 8 इंचांवर घुटमळावी. बदल्यात तिला बगल मारायची, रसदेवर पडायची आणि भिडण्याआधी निसटायची मोकळीक द्या. ही मोकळीक नसलेले मराठी स्वार टेबलावर नुसती शोभा होऊन राहतात.

बाण म्हणजे अग्निबाण असतील तर दर 12 इंचांना दिशेचा फासा टाका. माणसं कमी मरू द्या, घोडी आणि बैल मात्र बुजवा.

टेबलावरचं वऱ्हाड

वावरात सोयाबीन मांडू नका, ते दीड-दोनशे वर्षांनंतरचं पीक. ज्वारी दाखवा. नोव्हेंबरअखेरची उभी ज्वारी माणसाला झाकते, तेव्हा त्या वावरातून 4 इंचांपलीकडचं दिसत नाही असं धरा. अडगावचं मैदानही सपाट नव्हतं, नाल्यांनी चिरलेलं होतं. नाला ओलांडताना पायदळाची अर्धी चाल जाते, तोफेची एक अख्खी खेप. धुरा, म्हणजे वावराचा बांध, हा गुडघाभर आडोसा, त्याला भिंतीचे गुण देऊ नका.

काळी माती चाळून थेट फेविकॉलवर टाकली तर वाळताना आकसते आणि भेगा पडतात. एक वाटी मातीला दोन वाट्या बारीक रेती घाला. माती आधी तव्यावर कोरडी भाजा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. झाडांना पऱ्हाटीच्या बारीक फांद्या छान, पण बोंडं काढून टाका, गुलाबी अळी त्यातच दडून असते. झोपड्यांच्या छपराला कुटार चालतं. थर्माकोलवर स्प्रे मारला की ते विरघळतं, म्हणून आधी फेविकॉलचे दोन हात द्या.

फिगरना प्रायमर मे महिन्याच्या दुपारी मारू नका. रंगाचा थेंब फिगरपर्यंत पोहोचायच्या आतच वाळतो आणि फिगर खरखरीत होते. पहाटे, सावलीत, वीतभर अंतरावरून मारा. पावसाळ्यात मॅट वार्निश पांढुरकं पडतं, ते काम कोरड्या दिवसासाठी ठेवा.

डाव संपतच नाही

खेपेला वेळ ठरवा. शिस्तीतलं पायदळ मिनिटाला 60 यार्ड चालतं. पाच मिनिटांची खेप धरली तर 300 यार्ड, म्हणजे 12 इंच. थांबणं, रांग सरळ करणं यात निम्मं जातं, म्हणून चाल 6 इंच. अडगावची लढाई साडेचारच्या सुमारास सुरू झाली आणि नोव्हेंबरअखेर तिथे पावणेसहापर्यंत सूर्य बुडतो. बारा ते पंधरा खेपा पुरतात. त्यानंतर बंदूक-तोफ बंद, फक्त घोडदळाचा पाठलाग, तोही अर्ध्या चालीनं. तिथला पाठलाग चांदण्यातच झाला होता. सीताबर्डीला उलटी गरज पडते. तिथे लढाई रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली, म्हणून रात्रीच्या खेपा एका तासाच्या धरा, मारा 4 इंचांवर आणा आणि दारूगोळा मोजा. इंग्रजांच्या ताब्यातल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी गेली की मोठ्या टेकडीवरच्या प्रत्येक पलटणीनं लगेच धीर तपासायचा, कारण तिथून पुढे गोळ्या त्यांच्यावर येतात.