लोकर साठलीय? आधी काटा काढा

मी ठाण्यात राहते. इथे स्वेटर लागतो वर्षातले फार तर आठ दिवस, तोही पहाटे दूध आणायला जाताना. तरी माझ्या दिवाणात ७ किलो ४०० ग्रॅम लोकर होती. आता जरा कमी झालीय. कशी केली ते सांगते.

सगळ्यात आधी घरातली झाडून सगळी लोकर एका चादरीवर आणा. दिवाण, माळा, शिवणयंत्राचा खण, आणि कुणाला दिसू नये म्हणून डाळींच्या डब्यांमागे सरकवलेली पिशवीसुद्धा. घरात कोणी नसताना करा. तो ढीग बघून श्रीमंत झाल्यासारखं वाटतं आणि लाजही वाटते, दोन्ही एकदमच.

मग तोला. स्वयंपाकघरातला काटा चालतो. गेल्या वर्षी आपण किती विणलं तेही आठवा. माझे दोन बाळंतविडे आणि एक मफलर, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. त्या हिशेबाने साठा बारा वर्षं पुरणार, तेही एकही नवा गुंडा न घेता. मी आत्ताच एकोणसाठची आहे. इंग्रजी बोलणाऱ्या विणकाम करणाऱ्या बायका अशा साठ्याला गमतीने ‘सेबल’ म्हणतात. ‘स्टॅश ॲक्विझिशन बियाँड लाइफ एक्स्पेक्टन्सी’ची ही आद्याक्षरं. अर्थ असा की आयुष्य सरेल, लोकर सरायची नाही. हे कळल्यावर मला फारच हायसं वाटलं. आपण एकट्या नाही.

लेबल हरवलेल्या गुंड्यांची जात आता ओळखा. बोटभर दोरा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर खरी लोकर. वितळून टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतं. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, म्हणून ती वेगळी काढा, पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. डांबरगोळ्या मात्र नकोत. त्यांची वाफ तान्ह्या बाळांना बाधू शकते, आणि आपलं निम्मं विणकाम तर बाळांसाठीच असतं.

वाटे करताना रंग बघू नका, वजन बघा. तीसेक ग्रॅममध्ये टोपडं होतं, १०० ते १५० मध्ये बाळाचा स्वेटर. मोठ्या माणसाचा स्वेटर ४०० च्या खाली सहसा बसत नाही. लोकर पुरेल का अशी शंका आली, तर गुंडा तोला, दहा ओळी विणा, पुन्हा तोला. रंग एकच पण डाय लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळी असेल, तर दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या गुंड्याच्या अशा विणत जा. नाहीतर पाठीवर मधोमध सीमारेषा उमटते.

अर्धवट कामांचं काय? माझ्याकडे भाच्यासाठी घातलेला पिस्ता रंगाचा स्वेटर निघाला. पाठ आणि एक बाही, सुया तशाच खोचलेल्या. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, दहा नंबरचा बूट घालतो. उसवला. उसवताना दोरा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा, लडीला चार जागी सैल गाठी मारा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. खऱ्या लोकरीचे कुरळे जातात, ॲक्रिलिकचे थोडे राहतात. लहानपणी आई लडी माझ्या दोन हातांत अडकवायची. हात भरून यायचे आणि नेमकं तेव्हाच नाकाला खाज सुटायची.

उरलेसुरले तुकडे क्रोशाच्या चौकोनांत घाला, चौकोन जोडून पांघरूण होतं. कुणाला लोकर द्यायची असेल तर आधी विचारा, आणि गुंता सोडवून द्या.

काही गुंड्यांना मात्र हात लावू नका. मनालीला रस्त्याकडेच्या बाईकडून घेतलेले माझे तीन राखाडी गुंडे आहेत, अजून मेंढीचा वास येतो. त्यांचं मी काही विणणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. विणणं हा एक छंद आणि लोकर घेणं हा दुसरा, हे मान्य केल्यापासून त्यांच्याकडे बघून अपराधी वाटत नाही. फारसं.

दुसऱ्या छंदाला मी एक नियम लावलाय: २०० ग्रॅम घराबाहेर गेल्याशिवाय १०० आत नाही. आजवर ५०० गेली. परवा दादरला जांभळा गुंडा दिसला, १०० ग्रॅमचा. नियमात बसतोय, मी दुकानातच दोनदा हिशेब केला.