खडीच्या अंगणात बहावा लावताना

बंगल्यासमोरच्या अंगणात खडी अंथरलेली असली, तर झाड लावण्यातला खरा अडथळा खडीचा नसतो. तो तिच्याखाली धुम्मस करून घट्ट बसवलेल्या मुरुमाचा आणि तण उगवू नये म्हणून पसरलेल्या कापडाचा असतो. अशा जागेसाठी बहावा चांगला, कारण तो कडक ऊन सोसतो आणि निचऱ्याची जमीन त्याला मानवते. त्याच्या पाकळ्या मात्र खडीत अडकतात आणि झाडूने सहज निघत नाहीत, हे आधीच मान्य करावे.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी. घराच्या भिंतीपासून निदान ४ मीटर अंतर सोडावे आणि खालून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी गेलेली नाही याची खात्री करावी. सुमारे दीड मीटर व्यासाच्या वर्तुळातील खडी गोणपाटावर काढून ठेवावी. ती मातीत मिसळली, तर पुढे वेचत बसावे लागते. खालचे कापड किंवा प्लास्टिक त्या वर्तुळापुरते पूर्ण कापून काढावे. रोपापुरते भोक पाडून बाकीचे तसेच ठेवू नये.

खड्डा पिशवीतील मातीच्या गोळ्याइतकाच खोल, पण रुंदीला त्याच्या तिप्पट असावा. पहारीने कडा आणि तळ खरवडून मुरूम मोकळा करावा, नाहीतर मुळे कुंडीत अडकल्यासारखी गोल फिरत राहतात. मग खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलेच असेल, तर तेथे झाड लावू नये; जागा बदलावी किंवा माती भरून उंचवटा करावा. निचऱ्यासाठी तळाशी खडी घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण तिचा उपयोग होत नाही, उलट वरच्या मातीतील पाणी त्या थरापाशी येऊन थबकते. बांधकामाच्या वेळचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा निघाला, तर तो मात्र पूर्ण उचलावा. त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह न मिळाल्याने कोवळी पाने पिवळी पडतात.

पिशवी उभी चिरून काढावी. बहाव्याला मुळे दुखावलेली आवडत नाहीत, म्हणून गोळा फुटू देऊ नये; बाहेरून गोल फिरलेली मुळे असतील, तेवढीच कापावीत. खोड जेथे मुळांकडे पसरू लागते, तो भाग जमिनीच्या पातळीवर किंवा बोटभर वर राहावा. निघालेल्या मातीत चौथाई शेणखत मिसळून खड्डा भरावा, हलक्या हाताने दाबावा आणि भरपूर पाणी द्यावे. वाऱ्याची जागा असेल, तर दोन्ही बाजूंना काठ्या रोवून सुतळीने सैल बांधावे.

खडी परत टाकण्याची घाई नको. उन्हात ती तापते आणि कोवळ्या खोडाला तिची झळ लागते. त्यामुळे वर्तुळाच्या कडेने विटा लावून आळे करावे आणि आत पालापाचोळा पसरावा, तोही खोडापासून वीतभर दूर. पावसाळा सरल्यावर पहिली दोन वर्षे आठवड्यातून एक-दोनदा १५ ते २० लिटर पाणी सावकाश, आळ्यात मुरेल असे सोडावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या तापलेल्या थरातच राहतात.